ओट्यावर काय, माळ्यावर काय: एसएसडी आणि हार्ड डिस्कमधली वाटणी

आमच्या नौपाड्यातल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी मागच्या दिवाळीत ५०० जीबीची एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क, बसवून घेतली. आठ दिवसांनी जिन्यात गाठ पडली तेव्हा म्हणाले, "अगं, पैसे पाण्यात गेले बघ. कॉम्प्युटर चालू करून चहा ठेवतो, चहा पिऊन होतो, तरी ते आपलं गोल गोल फिरतंच आहे." संध्याकाळी जाऊन पाहिलं. विंडोज जुन्या हार्ड डिस्कवर होतं तसंच होतं. नव्या एसएसडीत नातवंडांचे फोटो, मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ आणि जुन्या गाण्यांचा साठा, सगळं नीट फोल्डर करून ठेवलेलं. नवी वस्तू, म्हणून जपायचं सामान तिच्यात ठेवलं. मनात येणारा पहिला विचार हाच असतो, आणि त्यामुळेच वाटणी उलटी होते.

स्वयंपाकघरात चहा-साखरेचे डबे ओट्यावर हाताशी असतात आणि गणपतीचं मखर माळ्यावर. मखराची किंमत डब्यांपेक्षा जास्त आहे म्हणून कोणी ते ओट्यावर मांडत नाही. ते वर्षातून एकदा लागतं, आणि तेव्हा स्टूल घेऊन काढायला पाच मिनिटं गेली तरी चालतं. एसएसडी म्हणजे ओटा, हार्ड डिस्क म्हणजे माळा. फाइल केवढी मोठी किंवा किती मोलाची, हे नंतर बघू. आधी विचारा: हिच्यापाशी हात किती वेळा जातो?

फरक नेमका कुठे पडतो

हार्ड डिस्कमध्ये चकत्या फिरतात. डेस्कटॉपमधल्या बऱ्याच डिस्क मिनिटाला ७२०० फेऱ्या घेतात, लॅपटॉपमधल्या बहुधा ५४००. ७२०० च्या हिशेबाने एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात. वाचणारं हेड हव्या त्या वर्तुळावर न्यायचं, मग माहितीचा तुकडा फिरत फिरत त्याच्याखाली येईपर्यंत थांबायचं, यात दर तुकड्यामागे दहा-बारा मिलिसेकंद जातात. म्हणजे सेकंदाला जेमतेम शंभरेक तुकडे. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, सगळ्या चिप. तिथे तोच तुकडा मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात किंवा त्याहूनही लवकर हाती येतो. विंडोज सुरू होताना, ब्राउझर उघडताना अशा हजारो बारीक फायली ठिकठिकाणाहून गोळा कराव्या लागतात. काकांचा वेळ जात होता तो इथे.

तेच एक मोठी फाइल सलग वाचायची असेल तर हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी आरामात देते. एचडी सिनेमा बघायला सेकंदाला एक-दोन एमबी पुरतात. त्यामुळे लग्नाचा व्हिडिओ कुठल्याही डिस्कवरून लावा, पडद्यावर तसूभरही फरक दिसत नाही. एसएसडीची महाग जागा त्याला दिली तर ती वाया जाते.

आधी घरात काय आहे ते बघा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स' मध्ये डाव्या बाजूला डिस्क ०, डिस्क १ अशा नोंदी दिसतात. प्रत्येकीखाली ड्राइव्हचं अक्षर आणि ती एसएसडी आहे की एचडीडी (म्हणजे हार्ड डिस्क), हे लिहिलेलं असतं. सी ड्राइव्हसमोर एचडीडी असेल तर तुमचंही काकांसारखंच झालं आहे. कॉम्प्युटर सुरू केल्यावर बराच वेळ ती डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली दिसते, आणि तोवर माउस हलवला तरी जड वाटतं.

५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४६५ दिसते, १ टीबीची ९३१. यात दुकानदाराने फसवलेलं नसतं. डिस्क बनवणारे १००० च्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत.

एसएसडी अजून घ्यायची असेल तर माझं मत स्पष्ट आहे: ५०० जीबीची घ्या. विंडोज, त्याचे अपडेट, ऑफिस, दोन ब्राउझर आणि एखादं फोटोचं सॉफ्टवेअर एवढ्यातच शंभराच्या वर जीबी जातात, आणि २४० जीबीची डिस्क वर्षभरात गच्च होते. लॅपटॉपसाठी एम.२ ची, म्हणजे मदरबोर्डवरच्या खाचेत बसणारी छोटी, पट्टी घेणार असाल तर तुमच्या मॉडेलची जागा एनव्हीएमई आहे की साटा (जोडणीचे हे दोन प्रकार), हे आधी कंपनीच्या माहितीपत्रकात बघा. दोन्ही पट्ट्या दिसायला जवळपास सारख्या असतात, पण फक्त साटा चालणाऱ्या जुन्या लॅपटॉपमध्ये एनव्हीएमई चालणार नाही. लॅमिंग्टन रोडवरून आणा नाहीतर घराजवळून, जीएसटीचं बिल घ्या, वॉरंटीच्या वेळी ते लागतं.

विंडोज एसएसडीवर टाका, पण त्या वेळी हार्ड डिस्क काढून ठेवा

सगळ्यात आधी महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. टॅली वापरत असाल तर कंपन्यांचा बॅकअप घ्या आणि लायसन्स सरेंडर करा. मराठी फॉण्टचं सॉफ्टवेअर, प्रिंटर, बँकेच्या डिजिटल सहीचं टोकन यांचे क्रमांक आणि पासवर्ड वहीत उतरवून घ्या. विंडोजच्या लायसन्सची काळजी सहसा नको. ते डिजिटल असेल तर मदरबोर्डशी जोडलेलं असतं, नुसती डिस्क बदलल्याने जात नाही.

आता बसवणं. एम.२ ची पट्टी खाचेत तिरकी घालायची, साधारण तीस अंशांत. नीट बसली की सोन्याचे दात जवळजवळ दिसेनासे होतात आणि पट्टीचं दुसरं टोक हवेत उचललेलं राहतं. ते बोटाने हलकेच खाली दाबायचं आणि एकच बारीक स्क्रू लावायचा. हा स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढा असतो. मी नेहमी डायनिंग टेबलवर पांढरा रुमाल अंथरून बसते, म्हणजे तो निसटला तर दिसतो. साटाची चौकोनी एसएसडी असेल तर एक डेटाची आणि एक पॉवरची अशा दोन वायरी, बस्स.

त्यानंतरची गोष्ट मात्र अक्षरशः पाळा. विंडोज टाकण्याआधी जुन्या हार्ड डिस्कची डेटा वायर काढा. मी हे शिकले ते महागात पडून. माझ्या कामाच्या डेस्कटॉपवर एका तंत्रज्ञाने एसएसडीवर विंडोज टाकलं, पण हार्ड डिस्क जोडलेलीच ठेवली. अशा वेळी विंडोज स्वतः एसएसडीवर जातं, पण कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या बूटच्या फायली जुन्या डिस्कवरच्या जुन्या भागात जाऊन बसू शकतात. दोन वर्षं काही जाणवलं नाही. मग ऑगस्टमध्ये हार्ड डिस्क गेली आणि चांगली धडधाकट एसएसडी असून कॉम्प्युटर सुरूच होईना. तारीख होती २०, जीएसटीआर-३बी भरायचा शेवटचा दिवस. विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून बूटच्या फायली एसएसडीवर नव्याने तयार करून घेईपर्यंत रात्रीचे अकरा वाजले. वायर काढायला अर्धा मिनिट लागतो.

जुनं विंडोज जसंच्या तसं उचलून एसएसडीवर आणण्याचा, म्हणजे क्लोन करण्याचा मार्गही आहे. बऱ्याच एसएसडी कंपन्या त्यासाठी सॉफ्टवेअर फुकट देतात. सॉफ्टवेअर पुन्हा टाकायची सोय नसेल तर तोच करावा. नाहीतर मी कोरं विंडोज टाकते, कारण पाच वर्षांचा कचरा नव्या घरात कशाला न्यायचा?

विंडोज सुरू झालं, अपडेट झालं, की कॉम्प्युटर बंद करून हार्ड डिस्क पुन्हा जोडा. सुरू करताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये जाऊन, बहुतेक ठिकाणी एफ२ किंवा डिलीट दाबून, बूटच्या क्रमात एसएसडी पहिली असल्याची खात्री करा. जुन्या डिस्कवरचं जुनं विंडोज लगेच पुसू नका. पंधरा दिवस तसंच राहू द्या, काहीतरी राहून गेल्याचं तेवढ्या दिवसांत आठवतंच. हार्ड डिस्कही नवी कोरी असेल तर 'डिस्क मॅनेजमेंट' उघडून ती इनिशियलाइज करावी लागते: प्रकार जीपीटी, फॉरमॅट एनटीएफएस. पण ज्या डिस्कवर तुमची माहिती आहे तिच्यासाठी हा प्रश्न पडद्यावर आला, तर तिथेच थांबा आणि जाणकाराला दाखवा. 'ओके' दाबू नका.

ड्राइव्हना नावं द्या. आमच्या घरी डी ड्राइव्हचं नाव खरोखरच 'माळा' असं देवनागरीत दिलं आहे, आणि सासूबाईही आता फोटो कुठे टाकायचे ते न विचारता टाकतात. फोल्डरची नावं मात्र इंग्रजी अक्षरांत ठेवलेली बरी, काही जुन्या सॉफ्टवेअरना देवनागरी नाव असलेल्या फोल्डरमधली फाइल उघडता येत नाही.

फोल्डर हलवायची योग्य पद्धत

डाउनलोड्स, पिक्चर्स, व्हिडिओज, म्युझिक आणि डॉक्युमेंट्स ही पाच फोल्डर विंडोज सी ड्राइव्हवर, म्हणजे आता एसएसडीवर, तयार करतं. ती माऊसने ओढून डी वर नेऊ नका. आधी डी ड्राइव्हवर प्रत्येकासाठी त्याच नावाचं एक रिकामं फोल्डर तयार करा. मग मूळ फोल्डरवर उजवं क्लिक करून 'प्रॉपर्टीज', त्यात 'लोकेशन', मग 'मूव्ह', आणि डी वरचं ते नवं फोल्डर निवडा. 'अप्लाय' दाबलं की जुन्या फायली तिकडे नेऊ का, असं विचारेल. 'येस' म्हणा. इथून पुढे ब्राउझरने उतरवलेली फाइल आपोआप हार्ड डिस्कवर जाईल.

रिकामं फोल्डर आधी तयार करायला सांगितलं त्याला कारण आहे. माझा भाचा ऐरोलीच्या कॉलेजात शिकतो. त्याने घाईत फोल्डर न निवडता थेट डी ड्राइव्हच निवडला. झालं असं की अख्खा डी ड्राइव्ह म्हणजेच 'डाउनलोड्स' झाला, आणि मग दुसरं फोल्डर हलवायला गेला तर सगळी सरमिसळ. फोनवर रडकुंडीला आला होता, "मावशी, डी ड्राइव्ह नाहीसाच झाला गं!" काही गेलं नव्हतं, पण उलगडायला रविवार गेला.

विंडोज ११ च्या नव्या मशीनवर डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स अनेकदा वनड्राइव्हच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीच्या, ताब्यात असतात, आणि मग 'मूव्ह' करताना अडतं. वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये 'सिंक अँड बॅकअप', त्यात 'मॅनेज बॅकअप' इथे ती फोल्डर बंद करा आणि मग हलवा. बंद केल्यावर फोल्डर रिकामं दिसलं तर घाबरू नका, फायली वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये असतात.

डेस्कटॉपचं फोल्डरही याच पद्धतीने हलतं. पण ते मी हलवू देत नाही. हार्ड डिस्क काही वेळ वापरली नाही की फिरायची थांबते, विंडोजमध्ये नेहमीची मुदत २० मिनिटांची असते. पुन्हा हात लावला की चकती गती घेईपर्यंत काही सेकंद जातात. डेस्कटॉप तिच्यावर असेल तर हा खोळंबा दिवसभर होत राहतो. त्यापेक्षा डेस्कटॉपवर फायली साठवायची सवयच मोडा, तिथे फक्त शॉर्टकट ठेवा.

सॉफ्टवेअरचं काय

सॉफ्टवेअर एसएसडीवरच. विंडोज, ऑफिस, ब्राउझर, टॅली, फोटोशॉप, अँटिव्हायरस हे सगळं. 'प्रोग्रॅम फाइल्स' मधलं फोल्डर उचलून डी वर टाकलं तर ते सॉफ्टवेअर चालणार नाही, कारण आपला पत्ता त्याने विंडोजच्या रजिस्ट्रीत आणि आणखी चार ठिकाणी लिहिलेला असतो. जागाच हवी असेल तर अनइन्स्टॉल करून पुन्हा टाका आणि टाकताना डी ड्राइव्ह निवडा. वर्षातून एकदा लागणारा स्कॅनरचा प्रोग्रॅम किंवा प्रिंटरच्या जोडीने आलेलं जाडजूड सॉफ्टवेअर तिथे चालेल.

खरी बारीक वाटणी सुरू होते ती सॉफ्टवेअर आणि त्याचा डेटा यांच्यात. टॅलीचा डेटा म्हणजे सतत लिहिल्या-वाचल्या जाणाऱ्या बारीक फायली. तो एसएसडीवर ठेवा आणि बॅकअपचा मार्ग तेवढा डी वर द्या. फोटोग्राफीचं उलट. कोपरखैरण्याला माझा एक मित्र लग्नाचे फोटो काढतो. त्याच्याकडे एका लग्नाच्या रॉ (कॅमेऱ्यातून आलेल्या मूळ, मोठ्या) फायली शंभर जीबीच्या घरात जातात. त्याला अशी घडी बसवून दिली: लाइटरूम या फोटोच्या सॉफ्टवेअरचा कॅटलॉग आणि प्रिव्ह्यू एसएसडीवर, चालू लग्नाच्या फायलीही एसएसडीवर, आणि अल्बम छपाईला गेला की ते फोल्डर लाइटरूमच्या आतूनच ओढून डी वर. बाहेरून, एक्सप्लोररमधून हलवलं तर लाइटरूमला फोटो सापडत नाहीत आणि प्रत्येकावर उद्गारचिन्ह येतं. फोटोशॉपमध्ये 'प्रेफरन्सेस' मधल्या 'स्क्रॅच डिस्क्स' ला (काम चालू असताना तात्पुरती वापरायची जागा) एसएसडीच निवडा, मोठं बॅनर करताना फरक लगेच कळतो.

गेम मोठे असतात म्हणून सरसकट हार्ड डिस्कवर टाकावेत, हा सल्ला आता जुना झाला. २०२३ मध्ये आलेल्या स्टारफील्डने तर किमान गरजेतच एसएसडी मागितली, आणि जागा १२५ जीबी. भाच्याला सांगितलं आहे की सध्या खेळतोस तो एक गेम एसएसडीवर, बाकीचे डी वर. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात गेमच्या 'प्रॉपर्टीज' मध्ये 'इन्स्टॉल्ड फाइल्स' इथून गेम एका डिस्कवरून दुसरीवर नेता येतो, पुन्हा डाउनलोड करावा लागत नाही.

'एसएसडी झिजेल' या भीतीबद्दल

पेजफाइल (मेमरी कमी पडली की विंडोज वापरतं ती डिस्कवरची फाइल), टेम्प फोल्डर, ब्राउझरची कॅशे हे सगळं हार्ड डिस्कवर हलवा म्हणजे एसएसडी टिकेल, असं अजून पुष्कळ जण सांगतात. हिशेब करून बघा. सॅमसंगच्या ८७० इव्हो या ५०० जीबीच्या एसएसडीवर हमी आहे ५ वर्षांची किंवा ३०० टेराबाइट लेखनाची, जे आधी होईल ते. रोज २० जीबी लिहिलं तरी ३०० टेराबाइट व्हायला १५ हजार दिवस लागतात, म्हणजे ४१ वर्षं. पेजफाइल हलवून वाचत काहीच नाही, उलट मेमरी कमी पडली की सगळा कॉम्प्युटर हार्ड डिस्कच्या चालीने चालू लागतो. या गोष्टी जिथे आहेत तिथेच राहू द्या.

एसएसडीला जपायचंच असेल तर जागा मोकळी ठेवून जपा. १५ ते २० टक्के रिकामी ठेवली तर तिला आतल्या आत डेटा इकडचा तिकडे करायला वाव राहतो. गच्च भरलेली एसएसडी लिहिताना स्पष्ट मंदावते. डीफ्रॅगचं बाहेरचं सॉफ्टवेअर तिच्यावर कधी चालवू नका. विंडोजचं 'ऑप्टिमाइझ ड्राइव्हज' एसएसडी ओळखून तिला ट्रिम देतं (पुसलेल्या जागा कुठल्या, हे कळवतं) आणि हार्ड डिस्कला डीफ्रॅग करतं, तेवढं पुरे.

जीव लावायची गरज जास्त आहे ती हार्ड डिस्कला. तिचं हेड चकतीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. हार्ड डिस्कचा लॅपटॉप नुसता झाकण मिटून बॅगेत टाकायचा आणि ट्रान्स-हार्बरच्या गर्दीत वाशीपर्यंत न्यायचा, हे करू नका. झाकण मिटल्यावर तो झोपला नसेल तर चकती बॅगेत फिरतच असते. शट डाउन करा, मग निघा. पावसाळ्यात वीज जा-ये करते तेव्हा डेस्कटॉपला यूपीएस हवाच. आणि क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर महिन्यातून एकदा उघडा. 'रीअलोकेटेड सेक्टर्स' किंवा 'करंट पेंडिंग सेक्टर', म्हणजे खराब झालेल्या किंवा होऊ लागलेल्या जागा, यांचा आकडा वाढताना दिसला की त्याच दिवशी फायली हलवायला घ्या.

दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे

फोटो डी वर नेले म्हणजे ते सुरक्षित झाले, असं अनेकांना वाटतं. नाही झाले. आधी एकच प्रत सी वर होती, आता एकच प्रत डी वर आहे, आणि तीही फिरणाऱ्या जुन्या डिस्कवर. एकाच डब्यातल्या दोन्ही डिस्क एका व्हायरसने किंवा विजेच्या एका धक्क्याने जाऊ शकतात.

त्यासाठी बाहेरची वेगळी हार्ड डिस्क घ्या. इथे एसएसडी नको, कारण वर्षानुवर्षं कपाटात पडून राहण्यासाठी ती नाही. चिप उद्योगाची मानकं ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेच्या मानकानुसार, लेखनाची मर्यादा गाठलेल्या घरगुती एसएसडीने वीज नसताना ३० अंशांत एक वर्ष डेटा धरून ठेवावा, एवढीच अपेक्षा आहे. ठाण्यातल्या मे महिन्यात बंद कपाटात ३० अंशांपेक्षा जास्तच असतं. नवी एसएसडी याहून पुष्कळ जास्त टिकेल, पण मुलांचं बालपण मी तिच्या भरवशावर ठेवणार नाही.

माझ्याकडे अशा दोन डिस्क आहेत. एक घरी, प्लास्टिकच्या घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट, कारण जूननंतर घरात सगळ्याला दमट वास येतो. दुसरी ऐरोलीला बहिणीकडे. दर महिन्याला पिक्चर्स, डॉक्युमेंट्स आणि टॅलीचा बॅकअप घरच्या डिस्कवर उतरवते, दोन-चार फायली उघडून बघते, आणि बहिणीकडे जाताना ती घेऊन जाते, तिथली परत आणते. डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी लावून त्यावर शेवटच्या बॅकअपची तारीख मार्करने लिहिलेली असते.